लंकेचं पाखरू, हरसूलची चिठ्ठी

भाऊजी, तुमच्या डांबरगोळ्यांचा वास अजून माझ्या साड्यांना येतो. तेरावं झालं, पाहुणे गेले, मंडपवाल्याच्या सतरंज्या परत गेल्या, हा वास मात्र घरात राहिला. चोवीस वर्षं मी त्यावरून तुमच्याशी भांडले. "कपाट माझं, साड्या माझ्या आणि वास तुमच्या पाखरांचा, हा कुठला न्याय?" तुम्ही म्हणायचात, "वहिनी, गोळ्या काढल्या तर किडे आधी माझी पाखरं खातील आणि मग तुमच्या साड्या." आज सकाळी कपाट उघडलं आणि तिथंच फतकल मारून रडले. तुम्ही बघायला हवं होतंत. मला चिडवायला महिनाभर पुरलं असतं.

रविवारी कॉलेजातले ते सर येणार आहेत. तेच, ज्यांच्याशी आपल्या पुढच्या खोलीत तुमचं वाजलं होतं. फोनवर आवाज अगदी मऊ होता. म्हणाले, "त्यांचे डबे आमच्या संग्रहात ठेवू. नीट राहतील, मुलं बघतील." मी हो तर म्हटलं. त्या डब्यांत ते एक पाखरू आहे, भाऊजी. त्याच्याखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे, आणि ती खोटी आहे. हे मला तुम्हाला दहा वर्षं सांगायचं होतं. आता सांगतेय, तर ऐकायला तुम्ही नाहीत.

पण मी आधी चिडणार आहे. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही सातपूर कॉलनीत आमच्याकडे राहायला आलात तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. कारखान्यात टर्नरची नोकरी लागलेली, हातात एक ट्रंक आणि काखेत बिस्किटांचे पत्र्याचे बारा डबे. मला वाटलं, दीर मोठा हौशी दिसतो, वहिनीसाठी बिस्किटं घेऊन आलाय. कौतुकानं एक डबा उघडला, तर आत थर्माकोलवर टाचण्या टोचून बसवलेले साठ-सत्तर मेलेले पतंग! मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू हातातलं लाटणं घेऊन धावत आल्या. तुम्ही दारात उभे, कान लाल. "वहिनी, झाकण लावा हो, पंख तुटतील." पहिल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात ते वाक्य हे.

फुलपाखरांचं असतं तर मी समजून घेतलं असतं. निदान रंग तरी असतात. तुमचे हे पतंग म्हणजे मातकट, राखाडी, कणकेतल्या कोंड्यासारखे. पहिल्या पाळीला सात वाजता हजर व्हायचं असायचं, पण तुम्ही साडेसहालाच सायकलवरून कारखान्याच्या कंपाउंडपाशी पोचायचात. रात्रभराच्या दिव्याला आलेले पतंग तेव्हा भिंतीवर गप्प बसून असायचे. तुम्ही ते अलगद डबीत घ्यायचात. गेटवरचा वॉचमनसुद्धा तुमच्यासाठी एखादा झाकून ठेवायचा. डबी विसरली की मग मी दिलेल्या जेवणाच्या डब्याचा वरचा खण. एका संध्याकाळी डबा घासायला घेतला, झाकण काढलं आणि आतून एक पतंग उडून थेट आमटीच्या पातेल्यात. मी आमटी ओतून दिली. तुम्ही तीन दिवस त्या पतंगासाठी हळहळत होतात, आमटीबद्दल चकार शब्द नाही.

या नादात मी कशी ओढली गेले ते मलाही कळलं नाही. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय आपटलेले. माझं शाळेतल्या बाईंचं, फळ्यावर लिहून लिहून वळलेलं. प्रत्येक पाखराखाली नखाएवढी चिठ्ठी लागते, गाव, तारीख, कुणी पकडलं. तुम्ही म्हणालात, "चिठ्ठी नसेल तर ते नुसतं मेलेलं पाखरू. चिठ्ठी असली की त्याचा पुरावा होतो." सर लोक इंग्रजीत लिहितात म्हणून सांगितलं, तर तुम्ही ऐकेनात. "पाखराचं नाव लॅटिनमध्ये असू दे, गावाचं नाव मराठीतच लागणार." मग रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मी टाक, काळी शाई आणि जाड कागद घेऊन बसायची. तुम्ही वहीतून सांगायचात, मी लिहायची. तुमचे दादा पलीकडे पेपर तोंडावर घेऊन घोरत असायचे. आपले ते रविवार फार चांगले होते, भाऊजी. तेव्हा मी कुरकुरतच असायची, म्हणून आता सांगते.

एकदा मी हरसूलच्या जागी पेठ लिहिलं आणि चिठ्ठी फाडायला घेतली. तुम्ही माझा हात धरलात. आयुष्यात कधी आवाज चढवला नाहीत, तो तेव्हा चढवलात. "फाडायची नाही! टाचणीवर लागली की लागली. चुकली असेल तर खाली दुसरी लावायची, आणि ज्यानं चूक दुरुस्त केली त्यानं आपलं नाव लिहायचं."

"आणि चुकीची तशीच ठेवायची?"

"ठेवायची. उद्या कुणाला कळलं की दुसरीच चूक होती, तर?"

"म्हणजे चुकांचा हारच घालायचा की पाखराच्या गळ्यात!" मी म्हटलं. तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढं प्रत्येक जोडचिठ्ठीला तुम्ही हारच म्हणू लागलात.

आणि लंकेचे तुमचे मित्र. तिथल्या डोंगरात चहाच्या मळ्यावरचे कारकून, तुमच्यासारखेच वेडे. कुठल्याशा मासिकातून पत्ता मिळाला आणि पत्रं सुरू झाली. तुमचं इंग्रजी मोडकं, त्यांचंही मोडकं, पण पाखरांपुरतं दोघांना पुरायचं. कागदाच्या तिकोनी घड्यांत सुकलेले पतंग तिकडून यायचे, इकडून जायचे. दादा म्हणायचे, "पंचवटीतून लंकेला गेलेलं आपल्याला माहीत आहे, पण लंकेतून नाशकात यायला लागलंय हे पहिल्यांदाच बघतोय." पोस्टमन पाकीट देताना कानाशी हलवून बघायचा. मग तिकडं लढाई पेटली, पत्रं लांबली आणि थांबली. तुम्ही संध्याकाळच्या बातम्यांत लंकेचं नाव आलं की जेवता जेवता हात थांबवायचात.

आता येतेच मुद्द्यावर.

पत्रं थांबायच्या आधीचा तो रविवार. तुम्हाला अचानक कामावर बोलावलं होतं. जाताना म्हणालात, "वहिनी, फळीवर दोन पाखरं आठ दिवस सुकतायत, एक लंकेचं आणि एक हरसूलचं. तेवढी काढून चिठ्ठ्या लावून ठेवाल? शेजारी कच्च्या चिठ्ठ्या ठेवल्यात." दोन्ही अंगठ्याच्या नखाएवढी, दोन्ही मातकट. दुपारी लाईट नव्हती म्हणून खिडकीपाशी बसले. दोन्ही पाखरं फळीवरून काढून पुठ्ठ्यावर टोचली, समोर त्यांच्या त्यांच्या चिठ्ठ्या मांडल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. मी धावले. गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि लाईट आली. डोक्यावरचा पंखा चालूच राहिला होता. परत येऊन बघते तो दोन्ही चिठ्ठ्या जमिनीवर.

मी पुठ्ठ्यासमोर कितीतरी वेळ बसले. हे की ते? डावीकडचं लंकेचं होतं असं वाटलं. मग वाटलं, नाही, उजवीकडचं. शेवटी अंदाजानं ठरवलं, सुंदर अक्षरात दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि लावून टाकल्या. संध्याकाळी तुम्ही आलात की सांगू, असं ठरवलं होतं, देवाशप्पथ. पण तुम्ही दमून आलात, चिठ्ठ्या बघितल्यात आणि म्हणालात, "वा! छापल्यासारखं." मग माझ्या तोंडून निघेना. शाळेत चाळीस पोरांसमोर ज्या बाई चुकलेल्याला उभं करतात, त्यांना स्वतःची चूक सांगायला लाज वाटली. एवढंसं पाखरू, कोण विचारतंय, असं म्हणून मी ते मनाआड केलं.

चार वर्षांनी तुम्ही लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलंत. एके दिवशी तुमच्या खोलीतून आरोळी आली. मला वाटलं शॉक बसला. धावत आले तर तुम्ही एका हातात भिंग, दुसऱ्या हातात हरसूलचा डबा, आणि डोळ्यांत पाणी. "वहिनी, हे बघा. हा फोटो आणि हे पाखरू. पुस्तकात लिहिलंय, हा पतंग फक्त श्रीलंकेत आहे. त्या बेटाबाहेर जगात कुठंही नाही. आणि हे आपल्या हरसूलला मिळालंय!" तुम्ही माझे दोन्ही हात धरून लहान मुलासारखे नाचलात. तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. पण तुमचा तो चेहरा, भाऊजी. चाळीशी उलटलेल्या माणसाचा इतका आनंदी चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला तो विझवता आला नाही.

मग सर आले. पाखरू बघितलं, चिठ्ठी बघितली आणि हसले. "अहो, चिठ्ठी बदलली असेल. तुमच्याकडे लंकेची पाखरं येत होती ना? साधी गोष्ट आहे." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तुम्ही उठून उभे राहिलात. "सर, माझी चूक होईल. वहिनींची होणार नाही. हे त्यांचं अक्षर आहे." सर माझ्याकडं बघायला लागले. तुम्हीही बघत होतात, अभिमानानं. आणि मी काय म्हणाले आठवतंय? मी म्हणाले, "बिस्किटं घ्या ना."

त्या तीन शब्दांची मला आजही शिसारी येते.

त्या वर्षापासून तुमची हरसूलची वारी सुरू झाली. दर श्रावणात, भाताची खाचरं भरलेली असताना, चार दिवसांची रजा काढून, एसटीनं. पाठीवर पांढरी चादर, गॅसबत्ती आणि माझ्या हातच्या दशम्या. "दुसरं सापडलं की सरांचं तोंड बंद." तिथल्या सोनीबाईच्या पडवीत मुक्काम, दिवेलागणीला अंगणात चादर बांधायची आणि उजेडाला पाखरं तिच्यावर यायची वाट बघत बत्तीपाशी बसायचं. दरवर्षी भिजून, चिखल घेऊन, रिकाम्या हातानं परत. दरवर्षी म्हणायचात, "पुढच्या वर्षी नक्की." मी दशम्या बांधून द्यायची. दहा वर्षं मी तुम्हाला जे तिथं नाहीच ते शोधायला दशम्या बांधून दिल्या.

एकदा तुम्ही मला वाट करून दिली होतीत. तीन वर्षांपूर्वी. त्याच महिन्यात लंकेचं पत्र आलं होतं, किती वर्षांनी! तुमचे मित्र जिवंत आहेत म्हणून तुम्ही सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. चार दिवसांनी जेवताना तुम्ही मान खाली घालून विचारलंत, "वहिनी, ती दोन पाखरं तुम्ही एकट्यानं काढली होतीत ना? त्या रविवारी काही झालं होतं का हो?"

"कुठल्या रविवारी? इतक्या वर्षांपूर्वीचं मला काय आठवणार!" मी म्हटलं. सगळं आठवत होतं. दुधाच्या वासासकट.

"तेही खरंच," तुम्ही म्हणालात. "आमटी झकास झालीय."

आणि यंदा हरसूलहून येताना तुम्ही ताप घेऊन आलात. नेहमीचा आहे म्हणालात. पाचव्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं, छातीत पाणी झालेलं. तुमच्या नाकाला नळी होती, मी उशाशी होते, दादा औषधं आणायला खाली गेले होते. मी म्हटलं, "भाऊजी, मला तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही हात हलवलात, राहू दे, अशा अर्थानं. मला वाटलं, दमलात. तुमचं पांघरूण नीट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. तेरा दिवस मला एकच गोष्ट खात होती, की यांना मी मारलं. माझ्या चिठ्ठीनं यांना पावसात पाठवलं.

दहाव्याला सोनीबाई आली होती. हरसूलहून एकटी, पहिल्या गाडीनं, पिशवीत नवे तांदूळ कुठले असायला आत्ता, म्हणून नागलीचं पीठ घेऊन. घाटावरून परत आल्यावर ती माझ्यापाशी बसली. मी म्हटलं, "तुमच्याकडे भिजत पाखरं शोधत बसायचे ना हो. मीच पाठवायची."

ती म्हणाली, "कशाचं पाखरू बाय? मागल्या तीन सालांत भाऊनं चादर बांधलीच नाय. पडवीत बसायचा, आमच्या पोरांना गणितं शिकवायचा, भात खायचा. म्या इचारलं, पाकोळ्या नाय का बघायच्या? तं म्हने, पाहून झाल्या."

"मग यायचे कशाला?"

"म्या बी तेच इचारलं. तं हसला. म्हने, नाय आलो तं वहिनी इचारंल, औंदा का नाय गेलात. मंग काय सांगू तिला?"

मला तेव्हा त्याचा अर्थच लागला नाही. मी विचारीन म्हणून कुणी हरसूलला जातं होय?

आज दुपारी दादा झोपल्यावर डबा काढला. ठरवलं होतं, सर यायच्या आत खाली खरी चिठ्ठी लावायची. तुमचा एकमेव मोठा शोध माझ्याच हातानं पुसायचा, हे काळजावर दगड ठेवून ठरवलं होतं. तुम्ही शिकवलंत तशी टाचणी चिमट्यानं धरली आणि अलगद उचलली. माझ्या चिठ्ठीखाली आणखी एक चिठ्ठी होती.

तुमचं अक्षर. कोंबडीचे पाय. भिंग घेऊन वाचलं. "हे पाखरू श्रीलंकेचं. हरसूलचं नाही. चिठ्ठ्या माझ्या हातून बदलल्या." खाली तुमचं नाव आणि तीन वर्षांपूर्वीचा तो महिना.

लंकेचा डबा उघडला. तिथल्या त्या दुसऱ्या मातकट पाखराखालीही तसंच. डब्याच्या तळाशी मित्राचं पत्र घडी करून ठेवलेलं होतं. एवढं इंग्रजी मला येतं. चहाच्या कारखान्यामागं मिळालेला फक्त आमच्या बेटावर असणारा तो लहान तपकिरी पतंग मी तुला पाठवला होता, तो अजून आहे ना, असं त्यांनी विचारलं होतं.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कळल्यावर तुम्ही मला एकदा विचारलंत, मी खोटं बोलले, आणि तुम्ही आमटीचं कौतुक केलंत. मग खोलीत जाऊन माझी चूक आपल्या नावावर लिहून घेतलीत. आणि पुढची तीन वर्षं, मला संशय येऊ नये म्हणून, माझ्या दशम्या घेऊन हरसूलला जात राहिलात. अहो, कुणी सांगितलं होतं तुम्हाला असं वागायला? दोन शिव्या दिल्या असत्यात तर मी ऐकून घेतल्या असत्या. चार दिवस अबोला धरला असता, मग जेवायला वाढलं असतं. तुम्ही मला माफ केलंत आणि ते सांगितलं नाहीत, आणि मी चुकले ते सांगितलं नाही. एकाच घरात, एकाच पंगतीला, आपण दोघंही त्या पाखराएवढे गप्प.

खूप रडले, भाऊजी. दादा उठून आले, दारातच थांबले, पाणी ठेवून गेले.

मग उठले. टाक धुतला, शाईत पाणी घातलं, वाळली होती. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. चार चिठ्ठ्या वाया गेल्या, पाचवी बरी आली. तुमच्याइतकी वाईट नाही, पण छापल्यासारखीही नाही. लिहिलं, "चिठ्ठ्या माझ्या हातून बदलल्या. त्यांच्या हातून नाही." खाली माझं नाव, पूर्ण, लग्नानंतरचं. तशीच दुसरी लंकेच्या डब्यासाठी लिहिली. तुमची चिठ्ठी मात्र काढली नाही. तुम्हीच सांगितलंत, टाचणीवर लागली की लागली. तुमच्याही खाली माझी लावली. घातला बघा चुकांचा हार, तीन पदरी.

आता हा वाद तुम्हाला पुढं नेता येणार नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा झाला, आणि मला तो नको होता.

रविवारी सर येतील. मी चहाचा ट्रे आधी खाली ठेवणार आहे आणि त्यांच्यासमोर डबा उघडणार आहे. बिस्किटं नंतर.